दमलेला लांडगा

मंडळी, आज सकाळी कपाट सरकवलं तर मागे एक जुनं प्लायवूड सापडलं. त्यावर मी रंगवलेला लांडगा, समुद्राकाठी उभा.

ऐंशीच्या दशकात मी बहारीनला पाट्या रंगवायचो, तिथल्या अस्कर गावाजवळ कामगारांच्या कॅम्पात राहायचो. एकदा साहेबाने कॅलेंडरवरचा लांडगा दाखवला. म्हणाला, "मोठा करून दे. डोळे एकदम जंगली पाहिजेत."

कॅलेंडरवरच्या चित्रात डोळे नीट दिसत नव्हते. मग बारा तासांची ड्यूटी संपवून मी दाढीच्या आरशात बघून माझेच डोळे काढले.

साहेब म्हणाला, "हा तर दमलाय. जंगली मफी, जंगली नाहीच." चित्र त्याने नेलंच नाही; परतताना मीच ते घरी आणलं.

घरी मात्र मी त्याच साहेबाच्या गाडीला टेकून, हसतानाचे फोटो पाठवायचो. बायकोने ते अजून अल्बमात जपलेत.

आज नात त्या लांडग्याकडे बराच वेळ बघत होती. "आजोबा, व्हाय इज ही सो टायर्ड?"

"शिफ्टवरून आलाय, बाळा."

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

गाडीला टेकलेले फोटो तुमच्याही घरी असतीलच. तेव्हाचा खरा चेहरा कुणी जपलाय का?