दारात तापवलेलं पाणी

माझी आई धडधाकट जिवंत असताना तिच्या मयताला अख्खी आळी जमली होती आणि ते बोलावणं मीच धाडलं होतं.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, म्हणून मी डोंबिवली सोडून इथे गावात भाड्याने घर घेतलं. मुलीच्या बारावीमुळे बायको मागे राहिली आणि आई माझ्यासोबत आली. (आली म्हणजे आणली.) पहिल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. "मला परत ने. इथे मेले तर खांदा द्यायला कोण येणार? ना ओळख, ना पाळख!"

"आई, डोंबिवलीत तरी कोण होतं? बाबांच्या वेळी चौथा माणूस म्हणून वॉचमनला बोलावलं होतं."

"तो वॉचमन निदान ओळखीचा होता!"

बाबा गेले त्या दुपारी बिल्डिंगमधले सगळे ऑफिसात होते. त्या रिकाम्या जिन्याची भीती आईच्या मनात कायमची बसली होती. तिने बॅग भरून दारामागे ठेवली होती आणि रविवारच्या एसटीने ती जाणारच होती. ती गेली असती तर बायको ऑफिसात, मुलगी क्लासला, म्हणजे तिथे दिवसभर एकटी पडली असती. पण ऐकते कोण!

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी वीज गेली आणि पाठोपाठ सिलिंडरही संपला. आईचे गुडघे आखडलेले, तिला गरम पाण्याशिवाय आंघोळ चालत नाही. ती जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती आणि माश्या फार म्हणून पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलेली. म्हटलं, उठायच्या आत पाणी तापवून तिला खूश करावं. अंगणात उंबऱ्यासमोरच तीन दगड मांडले, बाभळीच्या काटक्या पेटवल्या. मोठं पातेलं डोंबिवलीतच राहिलेलं, म्हणून आदल्या दिवशी इंदापूरच्या बाजारातून आणलेलं कोरं मडकं पाणी भरून चुलीवर ठेवलं. स्वतःवर इतका खूश मी आजवर कधी झालो नव्हतो!

काटक्या ओल्या निघाल्या. धुराने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तेवढ्यात घरमालक तात्या म्हशीची धार काढून येताना फाटकाशी थबकले. त्यांनी चूल बघितली, मडकं बघितलं, उघड्या दारातून आत बघितलं. मग हातातली बादली खाली ठेवून ते माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवला.

"रडा, सायब. मोकळं व्हा. आमी हाय."

"अहो तात्या, धूर आहे."

"व्हय, व्हय. बाप्या माणूस असंच म्हणतंय."

एका सिलिंडरसाठी एवढी माया! मला भरूनच आलं. तात्या म्हणाले, "तुमी कायबी करू नगा. निस्तं बसा. बाकी समदं आमच्याकडं लागलं." मी बसलो. मला वाटलं, पाणी तेच तापवणार.

पाच-दहा मिनिटांत माणसं यायला लागली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले पुरुष येत आणि काही न बोलता भिंतीकडेला बसत. दोघांनी हिरवे बांबू आणून टाकले. (दारात मांडव घालून द्या, असं मी तात्यांना आठवडाभर सांगत होतो. म्हटलं, किती तत्पर माणसं!) कुणीतरी सुतळीने बांबू बांधायला लागलं. मांडव जरा अरुंद होतोय, असं मी सुचवलंसुद्धा. त्या माणसाने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

"मापात हाय, सायब. म्हातारी बारीकच व्हती."

होती? माझ्या डोक्यात काही शिरायच्या आत शेजारच्या सखूबाई पदर तोंडाला लावून आल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. "अगं माझ्या आक्काऽऽ! आत्ता कुठं वळख झाली व्हती गंऽऽ!"

आतून आवाज आला. "अरे, पाणी तापलं का नाही?"

आणि आई चादर खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली.

सखूबाईंचा हंबरडा मध्येच अडकला. सुतळीवाल्याच्या हातून गाठ सुटली. एक म्हातारा उठून थेट फाटकाबाहेर गेला. तात्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावर कडाडले.

"आवं, जित्या माणसाचं पाणी उंबऱ्याम्होरं तीन दगडावर तापवत्यात व्हय? त्येबी कोऱ्या मडक्यात? शाळा शिकला का न्हाय तुमी?"

इतक्यात आईचा फोन वाजला. तात्यांनी डोंबिवलीलाही कळवून टाकलं होतं! आईने फोन कानाला लावला. "का रडतेस, सूनबाई? ... कोण, मी? नाही गं, अजून आंघोळसुद्धा झालेली नाही."

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. आई मात्र त्या तिरडीकडे बघत होती.

"हे माझ्यासाठी?" तिने विचारलं.

"चूक झाली, आक्का," तात्या खाली मान घालून म्हणाले.

"आणि ही सगळी माणसंही माझ्यासाठी?"

"मग! गावात मयत झाल्यावर माणूस घरी बसंल का? ऊस तोडायचा ठिवून आल्यात समदी."

आई उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. चूल तोवर विझली होती, धूर नव्हता. ती खूप रडली आणि मीही रडलो, या वेळी काटक्यांचं निमित्त न सांगता.

सखूबाई चाचरत म्हणाल्या, "आक्का, मयताच्या घरी चूल पेटत न्हाय म्हणून म्या कडू घासाचं पिठलं टाकलंय. भाकरी बी झाल्यात. आता त्येचं काय करायचं?"

"आण इकडे," आई म्हणाली. "माझ्याच नावाचं आहे ना? मग मीच खाते!"

पंगत अंगणातच बसली. संध्याकाळी दारामागची बॅग रिकामी झाली. बांबू तात्यांनी आमच्याच माळ्यावर ठेवले. "ऱ्हाऊ द्या, कवातरी लागत्यालच." आईला ते फार आवडलं. सध्या ते बांबू खाली काढून त्यांच्यावर ती पापड वाळत घालते.

डोंबिवलीचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही. फक्त मला एक ताकीद देऊन ठेवली आहे. "मी गेले की दारात पाणी तू ठेवू नकोस, तात्यांना ठेवू दे. तू ठेवलंस तर एक माणूस फिरकायचा नाही. म्हणतील, सायबांच्या आईची आंघोळ चाललीय!"