चाळीस किलोची नेव्याना

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, झ्द्रावकोने, पोरीवर कधी हात उगारला नाही, हे आधीच सांगते. पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल. राक्षस असता तर सोपं होतं, मीच त्याला केव्हाच वाटेला लावला असता.

तरुणपणी तो वजन उचलायचा. आमच्या तंबाखूच्या गावातून थेट देशाच्या संघात जायला एक स्पर्धा उरली होती, आणि त्या सकाळी काट्यावर तो आपल्या वजनगटापेक्षा अर्धा किलो जास्त भरला. डोकं भादरलं, घशात बोटं घालून ओकला, तरी काटा ऐकेना. परत आला तो बंद पडलेल्या तंबाखूच्या गोदामात लोखंड मांडून बसला आणि गावच्या पोरांना शिकवू लागला. “मला लोखंडाने नाही हरवलं, काट्याने हरवलं,” हे दारूच्या प्रत्येक पेल्याबरोबर ठरलेलं. माझी बहीण स्तोयना म्हणायची, “लग्नाच्या दिवशीसुद्धा हेच ऐकवलंत, पाद्री कंटाळला होता.”

त्यांची एकुलती एक नेव्याना. सहा वर्षांची असताना त्याने तिच्या हातात झाडूचा दांडा दिला, पाठ ताठ ठेवायला शिकवलं, टाचा रोवायला शिकवलं. केस वजनाच्या लोखंडी बारमध्ये अडकू नयेत म्हणून तिच्या वेण्या तो स्वतः घालायचा, आणि बायकांपेक्षा नीट घालायचा. पोरगी अंगाने बारीक, पण दांडा जाऊन लोखंड आलं तेव्हा गावातली पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिली. चाळीस किलोच्या गटात तिला जिल्ह्यात तोड नव्हती.

तेराव्या वर्षी ती वाढायला लागली. बाह्या आखूड झाल्या, मोजे पुरेनात. पोर वाढली की घर खूश होतं. या घरात मात्र बापाचं तोंड उतरलं, कारण वरच्या गटात तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. मग टेबलावरचा पाव नाहीसा झाला, मग चीज. जुलैच्या उन्हात दोन-दोन लोकरी स्वेटर घालून पोरगी द्राक्षांच्या मळ्याला चकरा मारायची आणि हा बांधावर घड्याळ घेऊन उभा.

“दाजी,” मी ओरडले, “पोर आहे की मिरची? वाळत घातलीय ती!”

“दिम्का, तू आपली भाजी ढवळ. यातलं तुला काय कळतं?”

“वाळलेलं पोर ओळखायला शाळा लागत नाही!”

नेव्याना धापा टाकत थांबली. ओठ फुटले होते. “मावशी, ओरडू नकोस ना. मला जमतंय,” हसून म्हणाली आणि पुन्हा पळू लागली. मला तिचं ते हसणं आवडलं नाही. बापाला काळजी पडू नये म्हणून ती हसत होती.

ऑगस्टमध्ये तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके निघू लागले. स्तोयना ते चुलीत टाकायची आणि कुणाला सांगायची नाही. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “नवऱ्याला सांग.” ती म्हणाली, “त्याला माहीत आहे.”

ऑगस्टअखेरच्या स्पर्धेच्या सकाळी स्तोयना तांब्याची घागर घेऊन दारात आली. कुणी मोठ्या कामाला निघालं की आमच्यात उंबऱ्यापुढे पाणी ओततात, काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. नेव्यानाच्या पोटात आदल्या दिवसापासून थेंब गेला नव्हता. तरी स्तोयनाने ओतलं, कारण न ओतता लेकीला कसं पाठवायचं? पाणी पायरीवरून खाली पसरलं. पोरगी बुटाची नाडी बांधायला वाकली, ओल्या पायरीवर बोटं टेकवली आणि हळूच ओठांवर फिरवली.

झ्द्रावकोने पाहिलं. रागावला नाही. खिशातून रुमाल काढला आणि बाळाचं तोंड पुसावं तसे तिचे ओठ पुसून कोरडे केले. “थोडंच राहिलंय, चिमणे,” म्हणाला.

“स्तोयने, तिच्या तोंडात ओत ते पाणी!” मी म्हटलं. घागर हातात तशीच तिरकी धरून ती उभी राहिली. गाडी निघून गेली.

काट्यावर पोरगी बरोबर चाळीस भरली. पहिला बार डोक्यावर घेतला, सरळ उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने बार खाली सोडला आणि त्याच्यामागोमाग तीही खाली गेली.

आम्ही दोघी बहिणी धावत पोचलो तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी झ्द्रावकोला बाजूला घेतलं. “मूत्रपिंडं थोडक्यात वाचलीत. पुन्हा असं तहानलेलं ठेवलंत, तर मला काही करता येणार नाही.” तो माणूस भिंतीला डोकं लावून रडला. खोटं नव्हतं ते, मला खोटं रडणं ओळखता येतं. घरी येऊन त्याने काटा अंगणात आणला आणि घणाने फोडला. गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवशी मीच त्याला पेला भरून दिला. वाटलं, सुटलो एकदाचे.

सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही चौघं द्राक्षांच्या मांडवाखाली जेवायला बसलो. घेवड्याचं सूप, भाजलेल्या मिरच्या, ताजा पाव. झ्द्रावको लेकीला स्वतः वाढत होता.

“खा, चिमणे. आता काटा नाही, काही नाही. पाणी पी बरं.”

नेव्यानाने पेला उचलला आणि मोठा घोट घेतला. गाल फुगले. स्तोयनाने माझ्याकडे बघून हसून घेतलं. मग पोरगी उठली, वेलीच्या बुंध्याशी गेली आणि सगळं पाणी बारीक धारेने मातीत सोडून दिलं, एक थेंब न गिळता. मनगटाने तोंड पुसलं.

“बाबा, घाबरू नका,” ती म्हणाली. “पुढची स्पर्धा नाताळाच्या आधी आहे. काट्याशिवाय कळतं मला, अजून दीड किलो जास्त आहे.”

झ्द्रावको पेला घेऊन तिच्यापाशी गेला. “गीळ, पोरी. माझ्यासाठी एकदा गीळ.”

तिने आज्ञाधारकपणे घोट घेतला. तो तोंडात तसाच धरून, बापाच्या डोळ्यांत बघत, त्याची नजर हटायची वाट बघत ती उभी राहिली.