नागोरावांच्या दाराची पाटी

शुभंकर सोसायटीत मी अकरा वर्षं राहिलो, पण ती सोसायटी माझी कधीच नव्हती. मी भाडेकरू. कर्वेनगरात भाडेकरूला सभेत तोंड उघडता येत नाही, गणपतीची वर्गणी मात्र मालकाइतकीच द्यावी लागते. माझं घर तळमजल्यावर, खिडकी पार्किंगवर उघडणारी, आणि सगळ्या सभा पार्किंगमध्ये. त्यामुळे मला कोणी काही विचारत नसलं तरी सगळं ऐकू येत असे. दिवसभर बुधवार पेठेतल्या दुकानात पुस्तकं विकून घरी आलं की ही फुकटची करमणूक असायची. नंतर नंतर ती करमणूक वाटेनाशी झाली.

नागोराव सोनटक्के आमचे इस्त्रीवाले. फाटकाशेजारी जांभळाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची टपरी होती. मूळचे हिंगोलीकडचे. लग्नानंतर सुशीलाबाईंना घेऊन पुण्यात आले आणि इथेच म्हातारे झाले. गावी गेलेल्या माणसांच्या घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. दिवाळीला इतका फराळ यायचा की नवराबायकोला महिनाभर पुरायचा. "नागोराव काय, घरातलेच आहेत," असं प्रत्येक घर म्हणायचं. घर सोडून बाकी घरातल्यासारखं सगळं त्यांना मिळालं होतं.

त्यांची स्वतःची खोली मागच्या वस्तीत, भाड्याची. वस्ती उठणार, तिथे इमारत होणार, असं दरवर्षी कानावर यायचं. झाली तरी घर मिळणार खोलीमालकाला. नागोरावांच्या हातात फक्त "खोली रिकामी करा" एवढंच पडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं शिरलं. बिल्डरचा रंगीत नकाशा सूचनाफलकावर लागला. पुढे दोन उंच इमारती, मध्ये कारंजं, कारंज्याशेजारी गोरी गोरी माणसं चालताना दाखवलेली. तशी माणसं आमच्या सोसायटीत एकही नव्हती. मागच्या कोपऱ्यात, जिथे टाकलेल्या सायकली गंजत होत्या, तिथे एक बुटकी इमारत दाखवली होती. तिला जिना वेगळा आणि फाटकही वेगळं.

नागोरावांनी मला हाक मारली. "साहेब, हे बारकं काय हाये?"

मी सांगितलं, जागा मोठी आहे म्हणून थोडी लहान घरं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधावी लागणार आहेत. अर्ज करायचा, सोडत निघते, नाव लागलं तर परवडेल अशा किमतीत घर मिळतं.

"कोणीबी अर्ज करावा?"

"नियमात बसत असेल त्याने करावा. पण हजारो लोक करतात. नाव लागेलच असं नाही."

"नाही लागलं तर नाही लागलं," ते म्हणाले. "दार तर असंल ना. दार असलं की माणूस कडी वाजवून तरी बघतो."

त्या दिवसापासून ते येता-जाता फलकाशी थबकायचे. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी त्यांनी मनाशी धरली होती, कारण तिच्यातून जांभूळ दिसलं असतं. सुशीलाबाई त्यांची थट्टा करायच्या, "पडदे कोणत्या रंगाचे लावायचे ते बी सांगा." पण एकदा त्यांनाही मी त्या फलकासमोर उभ्या असलेल्या पाहिलं. डबा हातात तसाच होता आणि भात निवत होता.

टपरीवर मात्र वेगळीच चर्चा चालायची. कपडे द्यायला आलेली माणसं तिथेच उभी राहून बोलायची, की ते लोक आले की मेंटेनन्स कोण भरणार, जिन्यात थुंकतील, दोन महिन्यांत घर भाड्याने देऊन पळतील. हे सगळं नागोरावांच्या तोंडावर, ते त्याच माणसांच्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत असताना. मग कोणाच्या तरी लक्षात यायचं. "अहो, तुमचं नाही म्हणत आम्ही. तुम्ही आमचेच." नागोराव हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा आणि राग कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

आमचे चेअरमन दत्तप्रसाद नगरकर तसे दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, शिव्या घालायला सोपं गेलं असतं. त्यांनी एकदा मलाच धरून सुनावलं. "आयुष्यभर हप्ते फेडून घर घेतलं मी. माझ्या पुष्करला, इंजिनीअर आहे तो, या भागात घर घेणं जमलं नाही. वाघोलीला राहतो. नातवाचं तोंड रविवारी दिसतं. त्याला नाही कोणी सवलतीत घर देत. आणि उद्या कोणीतरी चिठ्ठीत नाव निघालं म्हणून इथे येऊन राहणार?"

पुष्करचं दुःख खरंच होतं. पण त्याला इथे घर परवडत नव्हतं ते नागोरावांमुळे नव्हे. आणि पुष्कर वाघोलीला गेल्याने नगरकरांचे शर्ट चुरगळलेले राहत नव्हते; नागोराव गेले असते तर राहिले असते. मी हे बोललो. नगरकर म्हणाले, "आपण भाडेकरू आहात ना? मग आपल्याला कळायचं नाही." तिथे विषय संपला.

पुनर्विकासाच्या सह्या मात्र एका घराशी अडल्या. पहिल्या मजल्यावरच्या हेमाताई बापट सही देईनात. टेलिफोन खात्यातून निवृत्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, गुडघे गेलेले. कायद्याने बहुमत पुरलं असतं, पण बिल्डरला कटकट नको होती. त्याचा माणूस तेजस तीनदा जाऊन आला. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, रेंट आम्हीच देणार, शिफ्टिंगपण आम्ही," असं म्हणाला. हेमाताईंनी त्याला चहा पाजून विचारलं, "माझे गुडघेही शिफ्ट कराल का?" त्यानंतर तेजस आला नाही.

शेवटी नगरकर टपरीवर आले. "नागोराव, त्या तुमचं ऐकतील. सह्या झाल्या की मागच्या इमारतीचंही लगेच मार्गी लागेल."

हेमाताई कपड्यांची पिशवी दोरीने बाल्कनीतून खाली सोडत आणि इस्त्री झाली की तशीच वर ओढून घेत. ती बाल्कनी नेमकी माझ्या खिडकीच्या वर. त्यामुळे पुढचं बोलणं मी शब्दन्‌शब्द ऐकलं.

"ताई, सही करून टाका की."

"तुम्हीपण? तुम्हाला काय देणार आहेत?"

"मला कोण काय देतंय."

"मग ऐका. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि तिथेच मेले तर? मला या जिन्यावरून खाली न्यायचं. दुसऱ्याच्या जिन्यावरून नाही."

नागोराव पिशवीची गाठ उगाच सोडत-बांधत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, त्या मागच्या इमारतीत मी अर्ज करणार हाये."

हेमाताई पिशवी वर ओढू लागल्या होत्या. पिशवी अर्ध्यावर लोंबकळत राहिली. मग हेमाताई म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरकरांना वर बोलावून घेतलं. "नागोरावांसाठी सही करतेय. तुमच्या कारंज्यासाठी नाही," असं बजावून सही केली.

पुढच्या सभेच्या सतरंज्या नागोरावांनीच घातल्या. टेबलावरचा पांढरा कपडाही त्यांनीच कडक करून आणला होता. नगरकर उठले आणि म्हणाले की एक आनंदाची बातमी आहे. करार नोंदला गेला, आणि वकिलांच्या मदतीने मागच्या इमारतीचा प्रश्नही सुटला. ती लहान घरं बिल्डर आपल्या दुसऱ्या जागेवर, शहराबाहेर लोणी काळभोरच्या बाजूला बांधून देणार. इथे त्या कोपऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी बाग होईल.

टाळ्या पडल्या. चांगल्या खणखणीत पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत नागोरावांना घरातलं म्हणणारी सगळी घरं होती. मी खिडकीतून बघत होतो. नागोराव चहाचे कप भरत होते, ते भरतच राहिले. एक कप ओसंडून बशीत सांडला आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

कोणीतरी मागून म्हणालं, "नागोराव, तुम्हीसुद्धा तिकडे अर्ज करा हं. हवा छान आहे." ते म्हणणाऱ्याच्या मनात खरोखरच वाईट नव्हतं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हेमाताई गुडघ्यांमुळे खाली आलेल्या नव्हत्या. सभा संपल्यावर बाल्कनीतून त्यांनी विचारलं, "नागोराव, काय ठरलं?"

नागोराव सतरंजी गुंडाळत होते. मान वर करून म्हणाले, "चांगलं झालं ताई. मागची इमारत रद्द झाली, पण आम्हाला दुसरीकडं देणार. जवळच. तयार घर हाये."

मी बाहेर आलो आणि त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय बोललात?

"माझ्यासाठी सही केली त्यांनी," ते म्हणाले. "आता खरं सांगून ती सही परत येणार हाये का? उगा त्यांचं घरबी गेलं आन मनबी जायचं."

पावसाळ्याआधी सोसायटी रिकामी झाली. हेमाताई दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्याच्या जिन्याच्या घरात गेल्या. मीही त्याच बाजूला एक खोली धरली. जांभूळ तोडलं, टपरी काढली. नागोरावांनी आसपासची फाटकं पालथी घातली, पण प्रत्येक फाटकाशी आधीच कोणीतरी नागोराव बसलेला होता, नाहीतर तीही इमारत पडायची होती. अखेर सुशीलाबाईंच्या भाच्याच्या ओळखीने ते लोणी काळभोरलाच गेले. घर मिळालं म्हणून नव्हे. तिथे कॉलेजच्या मुलांचे शर्ट आहेत आणि खोलीचं भाडं कमी आहे म्हणून. ती लहान घरं जिथे व्हायची तिथे अजून ऊस उभा आहे, असं ते म्हणाले.

तरी दर महिन्याला दोन बस बदलून ते हेमाताईंच्या इस्त्री केलेल्या साड्या घेऊन यायचे. हेमाताईंना वाटायचं, हे पलीकडच्या चौकातून आले. परत जाताना माझ्याकडे पाणी प्यायला टेकायचे आणि घामाने भिजलेला सदरा पंख्याखाली वाळवायचे. "सांगून टाका आता," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी पेला पालथा घातला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

आणि एके दिवशी दुकानात हेमाताईंचा फोन आला. "तुमच्या बुधवार पेठेत दारावरच्या पाट्या करून मिळतात ना? एक पितळेची करून आणा. नागोरावांना घर मिळालं आणि मी काहीच दिलं नाही. नाव लिहून घ्या. सौ. सुशीला व श्री. नागोराव सोनटक्के. अक्षरं खोदलेली हवीत. रंगवलेली नकोत, रंग उडतो."

मी पाट्यांच्या दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. फोन लावून खरं सांगावं असं वाटत होतं. नाही सांगितलं. पाटी करून घेतली. ती इतकी देखणी झाली की मला ती हातात धरवेना.

पुढच्या खेपेला दोघंही आले. हेमाताईंनी पाटी सुशीलाबाईंच्या ओटीत घातली, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "मला जिने चढवत नाहीत. दारावर लावलीत की फोटो तरी पाठवा."

तिथून ते दोघं माझ्याकडे आले. नागोराव मुकाट्याने बसले. सुशीलाबाईंनी ओटीतली पाटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "आमच्या खोलीला पत्र्याचं दार हाये. ताईंना दाखवावं कसं?"

माझं दार सागवानी होतं, म्हणजे घरमालकाचं. भिंतीला किंवा दाराला खिळा मारायचा नाही, असं त्याने राहायला येतानाच सांगून ठेवलं होतं. म्हणून सुशीलाबाई दाराच्या आत कडेला लपून उभ्या राहिल्या आणि हात बाहेर काढून त्यांनी पाटी धरली. नागोराव सदरा नीट करून शेजारी उभे राहिले. जिन्यातून जाणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही तिघंही चोर आहोत. मी फोटो काढला. नागोराव म्हणाले, "चांगला आलाय," आणि पाटी पिशवीत इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून बसला निघाले.

दुसऱ्या दिवशी मी हेमाताईंना फोटो दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. नागोरावांचा चेहरा पाहिला. पाटी वाचली. मग पाटीच्या कडेशी थांबल्या.

"हे बोट कोणाचं?"

"सुशीलाबाईंचं," मी म्हणालो. "पाटी पुसत होत्या."

हेमाताईंनी फोन माझ्या हातात परत दिला. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथे समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"त्यांना म्हणावं, पाटी पिशवीत ठेवा," त्या म्हणाल्या. "हाताने किती दिवस धरून उभी राहणार ती?"