होडीवाल्या बाईचा रिपोर्ट

फिल्म अजून ओली होती. मी ती प्रकाशाच्या पेटीवर लावली आणि वेल्ड तपासायचे सोडून भलत्याच जागी पाहत राहिले.

वेल्ड म्हणजे पोलादाचे दोन भाग वितळवून केलेला सांधा. तो बाहेरून कितीही सुबक दिसला तरी आत हवेचे बुडबुडे किंवा चिरा राहिलेल्या असू शकतात. त्या शोधणे हे माझे काम. ह्यूस्टनच्या एका टेस्टिंग कंपनीत मी इंजिनिअर होते आणि बहुतेक दिवस रिफायनऱ्यांच्या पाइपांपाशी जात. पाइपच्या एका बाजूला किरणोत्सर्गी इरिडियमची बारीकशी गोळी ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला फिल्म. जिथे धातू कमी, तिथे जास्त किरण पोचतात आणि फिल्म काळी पडते. जिथे धातू जास्त, तिथे ती पांढुरकी राहते. डॉक्टर छातीचा फोटो काढतात तसाच हा प्रकार आहे. आमच्या पेशंटला श्वास रोखून धरायला सांगावे लागत नाही, एवढाच फरक.

त्या रविवारचा पेशंट मात्र वेगळा होता. चौदा फूट उंचीची एक पोलादी बाई, डोक्यावर उलटी होडी घेतलेली. एका सार्वजनिक लायब्ररीच्या अंगणात ती उभी राहायची होती. तूर्त ती बंदराकडे जाणाऱ्या शिप चॅनलजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर आडवी होती. होडीचे सगळे वजन तिच्या कंबरेच्या सांध्यावर येणार होते, म्हणून लायब्ररीने तो सांधा तपासून मागितला होता.

ती घडवणारे मिस्टर क्लीमेंट सत्तरीचे होते. कॅरियाकू नावाच्या लहानशा कॅरिबियन बेटावर होड्या बांधणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. ह्यूस्टनला येऊन त्यांनी तीस वर्षे टाक्या वेल्ड केल्या आणि शिल्पकला ते कोणाकडेही न जाता शिकले. त्यांच्या बेटावर ढोलाच्या नाचात प्रत्येक घराण्याचे मूळ आफ्रिकी कूळ अजून पुकारले जाते. आपले कूळ त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. त्या कुळाची माणसे काय घडवीत असत, ते मात्र त्यांनी पन्नाशीनंतर लायब्ररीतल्या पुस्तकांमधून शोधून काढले. ही बाई करायला त्यांना तीन वर्षे लागली होती.

मी पिवळ्या दोऱ्या बांधून शेड रिकामी करायला सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "फोटोग्राफर, तिची चांगली बाजू घे हं."

"मी आतली बाजू घेते, मिस्टर क्लीमेंट."

"तीच चांगली आहे," असे म्हणून ते दोरीबाहेर गेले.

आता फिल्मविषयी. कंबरेचा सांधा निर्दोष होता. इतका स्वच्छ वेल्ड मी रिफायनरीतही क्वचितच पाहिला होता. परंतु मी फिल्म रुंद वापरली होती. कामाला चार-साडेचार इंच रुंदीची पट्टी पुरली असती. मोठी फिल्म लावली की एक्स्पोजर कमी घ्यावी लागतात आणि शुगर लँड उपनगरातल्या घरी लवकर पोचता येते. त्या जास्तीच्या जागेत बाईचे पोट आले होते. पोटाच्या पोकळीत पाच पांढुरक्या आकृत्या होत्या आणि त्यांच्याभोवती वाळूसारखा धूसर डाग.

मिस्टर क्लीमेंट दहा पावलांवर सँडविच खात बसले होते. मी त्यांना काही विचारले नाही. ते माझे क्लायंट नव्हते, आणि निरीक्षण करणाऱ्याने निर्मात्याच्या सांगण्यावर विसंबू नये असे मला शिकवले गेले होते. शिवाय मी तेव्हा लेव्हल थ्री परीक्षेची तयारी करत होते. आमच्या धंद्यात लेव्हल थ्री म्हणजे ज्याच्या सहीशिवाय रिपोर्ट अंतिम होत नाही असा माणूस. सत्ताविसाव्या वर्षी ती सही मिळवायचा माझा बेत होता. त्याच दुपारी मी प्राथमिक रिपोर्ट लिहिला. सांधा पास केला आणि खाली शेरा मारला: 'बंद पोकळीत किमान पाच अनोळखी, घन वस्तू आणि अज्ञात भुकटीसदृश पदार्थ. प्रयोजन अज्ञात.' शेरा मला नेमका वाटला. सोमवारी सकाळी तो मी लायब्ररीला ई-मेल केला आणि बॉसला नुसती कॉपी लावली.

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. सार्वजनिक इमारत, बंद पोलादी भांडे, अनोळखी वस्तू, अज्ञात भुकटी. हे चार शब्दप्रयोग एका कागदावर आले की काय होते, ते मला दुपारपर्यंत कळले.

लायब्ररीच्या रिस्क मॅनेजर मिसेस टर्नर फोनवर शांतपणे बोलल्या. "तुमच्याच शब्दांत विचारते, पोटात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग शुक्रवारपर्यंत ते उघडून दाखवा. नाहीतर ती आमच्या अंगणात येणार नाही. इथे मुलं गोष्टी ऐकायला येतात. मला दुसरं काही करताच येणार नाही."

मोहरील सर माझे बॉस. नागपूरचे, वीस वर्षे अमेरिकेत राहूनही बोलण्यातले नागपूर गेले नव्हते. त्यांनी दार लावले, खुर्चीत बसले आणि ई-मेलचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"काहून पाठवलं हे? माझ्या सहीआधी?"

"प्राथमिक होता, सर. आणि चूक काही नाही त्यात. जे दिसलं ते लिहिलं."

"गौरी, तुला काय तपासाले सांगितलं होतं?"

"कंबरेचा वेल्ड."

"आन् तू काय तपासलं?"

मी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"शेजारच्या घरी मीटर वाचायला गेली आन् कपाट उघडून आली तू. आता जा. त्या म्हाताऱ्याला स्वतः सांग. फोनवर नाही."

शेडमध्ये पंखा गरम हवा फिरवत होता. मिस्टर क्लीमेंट होडीची कड घासत होते. मी सगळे क्रमाने सांगितले: रुंद फिल्म, शेरा, मिसेस टर्नर, शुक्रवार. त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला.

"कापणार?"

"पाठीत एक चौकोन. नंतर पुन्हा वेल्ड करता येईल. ताकद तेवढीच राहील, मी हिशेब केलाय."

"हिशेब बरोबरच असेल तुझा." त्यांनी हातमोजे काढले. "तीस वर्षं मी टाक्या केल्या. आत काय भरणार ते कधी विचारलं नाही. हिला मात्र मी आधी भरलं, मग बंद केलं. बंद केलं त्या दिवसापासून ती टाकी नाही. तू उघडलीस की पुन्हा टाकी."

"पण आत काय आहे ते त्यांना नुसतं सांगितलंत तर?"

"तर तेही उघडणंच झालं. माझ्या माणसांत पोट भरून बंद करायची रीत आहे. ज्यानं ठेवलं त्याला ठाऊक, आणि तिला. शुक्रवारी त्यांना कापायचं असेल तर मी देणार नाही. इथेच राहू दे तिला आडवी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वयाच्या सत्तरीत दुसरी बाई घडवायला आणखी तीन वर्षे कुठून आणायची, हा हिशेब मला करता येत होता.

परतीच्या वाटेवर, फ्रीवेवरच्या तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये, मला इचलकरंजी आठवली. मी दहा वर्षांची असताना आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात नवी मूर्ती बसवली. पीठाच्या दगडात मूर्तीखाली एक खळगा होता. भटजींनी त्यात आपल्या वस्तू ठेवल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घराने मुठीत झाकून काहीतरी टाकले. माझी आई शाळेत विज्ञान शिकवत असे. ग्रहणात आम्हाला मुद्दाम जेवायला वाढणारी बाई ती. तिनेही टाकले. मी आठवडाभर विचारत राहिले, काय टाकलेस. ती एवढेच म्हणाली, "ठेवलं ते ठेवलं." त्या मूर्तीखाली 'अनोळखी घन वस्तू' आहेत, असा शेरा त्या मंदिरावर मी कधीच मारला नसता. इथे मारला, कारण इथे मी फिल्म घेऊन आले होते.

अर्थात आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मिसेस टर्नर यांची भीती खोटी नव्हती. घरी पोचून मी कागदावर त्यांचा प्रश्न लिहिला. त्यांचा प्रश्न 'आत काय आहे' हा नव्हताच. 'आत जे आहे ते धोकादायक आहे का' हा होता. पहिल्या प्रश्नासाठी पोट कापावे लागते. दुसऱ्याचे उत्तर न कापता देता येते का, हे पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी मोहरील सरांना योजना दाखवली. पोटाचे तीन कोनांतून फोटो घ्यायचे. सोबत चढत्या, ठरावीक जाडीच्या पायऱ्या असलेला पोलादाचा लहान ठोकळा ठेवायचा, म्हणजे आतल्या वस्तूंची घनता ताडून पाहता येते. तारा, नळ्या, बॅटरी, स्विच यांपैकी काही असेल तर दिसेलच. द्रव असेल तर त्याच्या पृष्ठभागाची सपाट रेषा दिसेल.

"आन् भुकटी?" सरांनी विचारले. "भुकटी काय हाय ते फिल्म सांगत नाही."

ते खरे होते. माझी योजना तिथे अडली. तिढा सुटला तो मिस्टर क्लीमेंट यांच्यामुळे. बुधवारी परवानगी मागायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "फोटो काढ. पण तिचा श्वास बंद करू नकोस," आणि त्यांनी बाईची टाच दाखवली. तिथे पेन्सिलीएवढे एक भोक होते. बंद पोकळी वेल्ड करताना आतली गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, नाहीतर शेवटचा टाका फुटून येतो. हे मी पुस्तकात वाचले होते. रविवारी टाचेकडे पाहिले मात्र नव्हते. आणि जिथून हवा बाहेर येते, तिथून आतल्या भुकटीचा वासही येतो.

त्याच दुपारी मी पोटाचे तीन फोटो काढले आणि मिसेस टर्नर यांना फोन केला. गुरुवारी सकाळी त्या शेडमध्ये आल्या आणि शेरीफच्या ऑफिसचा एक हवालदार स्फोटके हुंगणारी कुत्री घेऊन आला.

भोक पाहून मिसेस टर्नर म्हणाल्या, "इथून कॅमेरा आत जाणार नाही का?"

जाणार होता. तसला बारीक कॅमेरा माझ्या ट्रकमध्येच होता. मिस्टर क्लीमेंट माझ्याकडे पाहत होते.

"जाईल," मी म्हणाले, "पण त्याची गरज नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याशिवाय मिळतंय." मी तिन्ही फिल्मची निरीक्षणे वाचून दाखवली. तारा नाहीत. बॅटरी नाही. द्रव नाही. हलणारा भाग नाही.

कुत्रीने टाच हुंगली. पुन्हा हुंगली. धोका जाणवला की ती खाली बसते, असे हवालदाराने आधीच सांगितले होते, त्यामुळे ती बसते की काय म्हणून आम्ही सगळे थांबलो. ती उभीच राहिली आणि मिस्टर क्लीमेंट यांच्या सँडविचच्या डब्याकडे गेली.

"एवढाच धोका आहे इथे," ते म्हणाले. "तिखट आहे ते."

मिसेस टर्नर पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी विचारले, "तुम्हाला आता कळलंय ना, आत काय आहे?"

"काही प्रमाणात."

"रिपोर्टमध्ये येईल?"

"तुम्हाला हवं असेल तर."

त्यांनी आडव्या बाईकडे पाहिले, मग मिस्टर क्लीमेंट यांच्याकडे. "सुरक्षित आहे, एवढं लिहा. फायलीत जास्त कागद नकोत मला."

सांध्याचा फोटो मी पुन्हा घेतला, अरुंद पट्टीवर. ती फायलीत गेली. पोटाच्या मोठ्या फिल्म लायब्ररीच्या लेखी संमतीने मिस्टर क्लीमेंट यांना दिल्या. त्या त्यांनी गुंडाळून एका पोलादी नळीत घातल्या आणि दोन्ही टोके वेल्ड केली. "याचा फोटो नको, फोटोग्राफर," एवढेच म्हणाले.

लायब्ररीच्या अंगणात काँक्रीट ओतायच्या दिवशी त्यांनी ती नळी पायाच्या खड्ड्यात ठेवली. मिसेस टर्नर यांनी विचारले, तेव्हा मोहरील सरांनी गंभीरपणे उत्तर दिले, "टाइम कॅप्सूल." पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू पुरून ठेवायची ही तिथली रीतच. त्या निश्चिंत झाल्या, कारण त्यासाठी त्यांच्याकडे छापील फॉर्म होता.

"तुझं काही ठेवायचंय?" मिस्टर क्लीमेंट यांनी मला विचारले. मी मूठ झाकून खड्ड्यावर धरली आणि उघडली.

गाडीत मोहरील सर म्हणाले, "काय टाकलं गं?"

"ठेवलं ते ठेवलं, सर."

त्यांनी मान हलवली. परीक्षेसाठीची शिफारस मात्र एक वर्ष पुढे ढकलली. सहीआधी रिपोर्ट पाठवणाऱ्याला सहीचा अधिकार देता येत नाही, असे त्यांनी लेखी कळवले. ते योग्यच होते.

बाई अजून अंगणात उभी आहे. सांध्याला काही झालेले नाही. पोटात काय आहे ते मी इथेही लिहिणार नाही. तो प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टच्या कच्च्या प्रतीवर मी सर्वांत वर क्लायंटचा प्रश्न लिहिते आणि उत्तर पूर्ण झाले की पेन खाली ठेवते. फिल्मही अरुंदच वापरते. घरी पोचायला थोडा उशीर होतो.