शेवटचं बोट

समस्त बिबवेवाडीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मधुमेह तपासणीत आमच्या सोसायटीतलं उरलेलं एकमेव बोट अखेर हाती लागलं. ते माझं होतं.

घरोघरी साखर तपासणाऱ्या आमच्या आशा सेविका ताई कधी आवाज चढवत नाहीत. दोन वर्षं त्यांना पाहताच मी मागच्या जिन्याने पसार व्हायचो. यंदा संक्रांतीला त्या हळदीकुंकवाच्या दारातच यंत्र घेऊन बसल्या. बायकांच्या समारंभात मी लाडवासाठी डोकावलो आणि सापडलो.

“आधी बोट, मग तिळगूळ.”

साखर भरमसाट निघाली. लाडू जप्त झाला, गोळ्या सुरू झाल्या आणि रोज सकाळी ताई बेल वाजवून मला चालायला पिटाळू लागल्या.

परवा रिपोर्ट आला. साखर आटोक्यात! ताई भर पार्किंगमध्ये ओरडल्या, “दोन वर्षं मला पळवलंत, शेवटी तुम्हाला चालायला लावलंच की नाही!”