आग पाडणारे दोघं

आमचे खुशालभाऊजी रेल्वेत ड्रायव्हर आहेत असं सांगितलं की लोक लगेच विचारत, मेलवर का? नाही, बडनेऱ्याच्या गाडीवर, असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. अमरावतीला रूळ संपतात. तिथली माणसं बडनेऱ्याला मोठ्या लाइनवर नेऊन सोडायची आणि तिथले उतारू घेऊन परत यायचं, एवढंच त्या गाडीचं काम. मेल बडनेऱ्याहून नागपूरला, मुंबईला निघून जायची. भाऊजी शेजारच्या फलाटावरून तिच्या ड्रायव्हरला हात करायचे आणि माघारी वळायचे.

मी बडनेऱ्याच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे रोज त्यांच्याच गाडीनं जायची. धाकटी मेव्हणी म्हटल्यावर चिडवायचा हक्क होताच. "भाऊजी, घाण्याचा बैल बरा, त्याले संध्याकाळी तरी सोडतात," मी म्हणायची.

"मले मेलवर जागा भेटन, रमा. बैलाले भेटत नाही," ते हसून म्हणत. मेलवर जायची हौस माणसाला किती वर्षं पुरावी? त्यांना ती पुरली खरी.

त्यांचा फायरमन अय्युब. स्टेशनामागच्या क्वार्टरांत दोघांची दारं समोरासमोर. इंजिनावर रीत अशी की सिग्नलचा हात खाली पडलेला दिसला की फायरमननं "डाऊन" म्हणून ओरडायचं, आणि ड्रायव्हरनं तेच परत म्हणायचं. मग गाडी पुढे. अय्युबचा "डाऊन" पहिल्या डब्यात ऐकू यायचा. बाकीच्या वाटेत दोघांच्या गप्पा काही संपायच्या नाहीत. अय्युबची बायको हाजराबी माझ्या बहिणीला, माणिकबाईला म्हणायची, "माहा नवरा घरी येऊन मुका होते. सारं बोलणं इंजिनावरच खर्च करून येते."

साठ साली महागाई भत्त्यासाठी संप झाला. धान्याचे भाव चढलेले आणि पगार जागच्या जागी. भाऊजी संपाच्या बाजूनं उभे राहिले. अय्युब मात्र कचरत होता. त्याची नोकरी अजून पक्की नव्हती आणि घरात तान्हं मूल होतं. भाऊजींनीच त्याला समजावलं, "आपण सारे उतरलो तं कोणाले काढतीन ते?" अय्युबनं ऐकलं. आपल्या माणसाचं ऐकायचं नाही तर कोणाचं ऐकायचं?

संपाच्या पहिल्या सकाळी भाऊजींनी दारातून पाहिलं तर यार्डात त्यांचं इंजिन धुमसत उभं होतं. रात्रभर आग दाबून ठेवायची आणि पाण्यावर नजर ठेवायची, यासाठी एक माणूस असे. तोही संपावर गेला होता, आणि आग तशीच टाकून गेला होता. पाणी आटलं तर बॉयलर जातो, कदाचित फुटतोही. यार्डाला लागूनच क्वार्टरांत पोरंबाळं. भाऊजी तसेच बनियनवर धावले, मागून अय्युब. बॉयलरमध्ये पाणी घेतलं. पण आग पाडायची, म्हणजे निखारे खाली ओढून काढायचे, तर इंजिन राखेच्या खड्ड्यावर न्यावं लागतं. भाऊजींनी ते तेवढं हलवलं. अय्युब खाली खड्ड्यात उतरून निखारे ओढत होता, भाऊजी वर उभे, आणि धुराड्यातून भपकारा निघाला.

तो धूर फाटकावर बसलेल्या संपवाल्यांनी पाहिला. रेल्वेच्या साहेबांनीही पाहिला. वर उभा असलेला माणूस दोन्हीकडच्यांना दिसला, खड्ड्यातला कोणालाच नाही.

संप पाच दिवसांत बारगळला. साहेबांनी भाऊजींना हजर धरलं होतं. वर निष्ठेबद्दल पगारवाढ. भाऊजी गावभर सांगत फिरले, मी संपातच होतो, आग पाडायला गेलो होतो. "मंग इंजिन हललं काहून?" असं विचारून लोक हसायचे. साहेबाला तेच सांगावं तर नोकरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी वाढ घेतली. त्यांचा मला तेव्हा राग आला होता, आणि त्या वाढीतून आलेलं लुगडं नेसणाऱ्या माझ्या बहिणीचाही.

अय्युबला मात्र कमी केलं.

तो भाऊजींना एवढंच म्हणाला, "माहं नाव साहेबाले सांगू नका. मी संपात होतो. तुमीच उतरवलं होतं मले." दुसऱ्याच दिवशी हाजराबी आली. दाराची चौकट धरून म्हणाली, "खुशालभाऊ, तुमच्या एका बोलानं त्यायची रोटी परत येते. इज्जत चुलीवर शिजत नाही."

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. मग साहेबांकडे जाऊन सांगून आले की त्या सकाळी खड्ड्यात अय्युब होता.

अय्युबला परत घेतलं. पक्का केला, वाढही दिली. ती घेऊन घरी येताना मोहल्ल्यातल्या पोरांनी मागून हाक मारली, "वफादार!" पुढे त्याचं तेच नाव पडलं. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, असं हाजराबीच सांगायची. तिनंच रोटी मागितली होती, तीच रडायची.

त्यानंतर अय्युब भाऊजींशी बोलला नाही. दोघं त्याच इंजिनावर, खांद्याला खांदा लागेल एवढ्या जागेत, तोच रस्ता, तीच आग. कोळसा टाकायचा, पाणी पाहायचं, सिग्नल आला की "डाऊन" म्हणायचं आणि तोंड फिरवायचं. भाऊजींनी बदली मागितली, मिळाली नाही. मेलच्या ड्रायव्हरला हात करणं त्यांनी सोडून दिलं. मी चिडवणं कधीच सोडलं होतं.

अशीच वर्षं गेली. मग इंजिनाशिवाय, डिझेलवर स्वतःच चालणारा डबा आला. ना कोळसा, ना आग, ना राख. बटणं आणि दांडे, चालवायला एक माणूस पुरे. निष्ठावान म्हणून तो पहिल्यांदा भाऊजींना दिला आणि अय्युबला भुसावळला पाठवलं. जायच्या दिवशी हाजराबी माणिकबाईच्या गळ्यात पडली. अय्युब सामान घेऊन आधीच फलाटावर गेला होता.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम भाऊजींच्या पाठीमागच्या बाकावर बसले. बडनेरा जवळ आलं. सिग्नलचा हात पडलेला मला इथून दिसत होता, तरी डबा हळू होत होत थांबला. मागची माणसं माना काढून पाहू लागली.

"भाऊजी, सिग्नल तं पडला आहे," मी म्हटलं.

"दिसून राहिला मले."

"मग थांबले कशाले?"

"अय्युब दिवसभरात एकच शब्द बोले माह्याशी, रमा," ते म्हणाले. "तोई नेला या सायबायनं."

मागून कोणीतरी घंटी वाजवली. भाऊजींनी दांडा ओढला.