कोरडा फ्लॅश

आता काय, बोटानं ढोसलं की फोटो, नाही आवडला की पुसला. महिपतच्या वेळी असले लाड नव्हते. एका रोलात छत्तीस फोटो, नशिबानं साथ दिली तर सदतिसावा. काय आलंय आणि काय हुकलंय, हे रोल धुतल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून तर माणसं फोटोला उभी राहताना श्वास रोखून उभी राहायची.

कळव्याच्या बाजारात महिपतचा स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, खोकंच ते. अंधारखोली म्हणजे घरची मोरी. तिथं लाल दिवा लागला की घरात कुणी आंघोळीचं नाव काढायचं नाही. त्याची बायको कलावती म्हणायची, जगाची तोंडं धुता धुता आमचीच पारोशी राहतात. पण औषधाच्या पाण्यात कोरा कागद हलवताना त्यावर हळूहळू चेहरा उमटायला लागला, की तीही पोळ्या टाकून दारातून डोकावायची.

लग्नाची ऑर्डर म्हणजे छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचं. त्यात प्रत्येक मामा-मावशीला आपला वेगळा फोटो हवा. नाही म्हणावं तर रुसवा, हो म्हणावं तर ऐन हारांच्या वेळी रोल संपलेला. त्यावर फोटोवाल्यांकडे एकच तोडगा होता, कोरडा फ्लॅश. कॅमेरा डोळ्याला लावायचा, हसा म्हणायचं आणि नुसतं फ्लॅशचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा, माणूस खूश, फिल्म जागच्या जागी. पंगतीला बसेपर्यंत पाहुणा फोटो विसरलेला असायचा.

मनुबाई विसरली नाही. ती कोळीण महिपतच्या खोक्यासमोरच मासे विकायला बसायची. जीभ अशी, की घासाघीस करणारं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. पण महिपतवर तिचा जीव; उरलेली वाटाभर कोळंबी हटकून त्याच्या घरी जायची. चौऱ्याऐंशी साली तिच्या भावाच्या, दामाजीच्या मुलीचं लग्न निघालं आणि ऑर्डर तिनंच महिपतला मिळवून दिली. मांडवात ती हिरवं लुगडं, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीची वेणी अशी आली आणि लाजत म्हणाली, "माजा पन एक फोटू काड रं, पोरा." जन्मात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. महिपतनं तिला थोडं थांबायला सांगितलं. हार झाले, सप्तपदी झाली, वरात उरली होती आणि रोलात चारच फोटो शिल्लक. मनुबाई पुढं आली, ताठ उभी राहिली. महिपतनं कोरडा फ्लॅश मारला.

दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू. महिपत सांगायचा, तुझा फोटो दुसऱ्या रोलात आहे, तो अजून संपायचाय. त्या काळी हे कारण सगळ्या दुनियेला पटायचं. एकदा तो भरलेला कॅमेरा घेऊन तिच्या पाटीसमोर उभा राहिला, तर ती खवळली. मासळीच्या पाटीवर बसलेली मनुबाई रोजचीच, तिला नथ घातलेली हवी होती. सणाला नथ घालेल तेव्हा काढू, असं महिपतनं मनाशी ठरवलं आणि दिवस ढकलले. नारळी पौर्णिमेच्या आधीच साध्या तापाचं निमित्त झालं आणि मनुबाई गेली.

मग तिची मुलगी भागीरथी महिपतच्या दाराशी आली. बाराव्याला पाटावर ठेवायला आईचा फोटो हवा होता. घरात दुसरा एकही नव्हता. लग्नातला असेल ना, आई सारखी त्याचंच सांगायची, असं ती म्हणाली. महिपतच्या तोंडून हो निघून गेलं.

तो मोरीचं दार लावून बसला. जुन्या निगेटिव्ह उजेडासमोर धरून एकेक फोटो भिंगाखाली बघू लागला. हारांच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागं, मांडवाच्या खांबाशी एक आकृती होती, नखाएवढी. नाकात नथ. त्यानं तेवढीच वाढवली, अजून वाढवली. कागदावर आधी वेणी उमटली, मग नथ, मग चेहरा. एवढं वाढवल्यानं चित्राचे दाणे फुटले होते, कडा पुसट होत्या. पण मनुबाई होती, नक्की मनुबाई. महिपत तिथंच मोरीत रडला.

बाराव्याला महिपतनं घरी नेऊन दिलेली फ्रेम भागीरथीनं हातात घेतली आणि बघतच राहिली. ताठ उभं राहून काढलेल्या फोटोत माणूस असा कधीच येत नाही. खांबाला टेकून, पदर सारखा करत, मनुबाई समोर बघून हसत होती.

"आय कोनाकडं बघते ही, एवढी हासून?"

"माझ्याकडे," महिपत म्हणाला. "नंबर लागायची वाट बघत होती. आणि नंबर आला तेव्हा मी रोल वाचवला, भागीरथी. नुसता उजेड पाडला."

भागीरथीनं पदरानं काच पुसली आणि फ्रेम पाटावर नीट टेकवून ठेवली.

"लागला ना पन नंबर," ती म्हणाली.